दिल्लीच्या पंगतीतला शेवटचा पाट

भीतीवर जर दिल्ली सरकारनं कर बसवला असता, तर माझ्या बायकोच्या मामांच्या एकट्याच्या भरण्यावर चार राज्यांचे दुष्काळ निभावले असते आणि वर एखादं धरणही झालं असतं. हे मी कौतुकानं म्हणत नाही. मी मुळात तापट माणूस. नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवून शिकवून आवाज आणि डोकं दोन्ही चढलेलं. भित्रा माणूस समोर आला की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागते. पण मामांची भीती साधीसुधी नव्हती. विंचू निघाला तर ते चपलेनं ठेचत आणि तीच चप्पल पायात घालून शेताकडं चालू लागत. अंधार, साप, भुतंखेतं, यांच्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्यांना धडकी भरायची ती कागदाची, शिक्क्याची, जीपगाडीच्या आवाजाची आणि सगळ्यात जास्त चांगल्या बातमीची. कुणी म्हणालं, "मामा, औंदा बाजरी बरी आलीय," की हे इकडंतिकडं बघून म्हणायचे, "हळू बोल. ऐकू जाईल." कुणाला ऐकू जाईल, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यांचं गाव शेवगावच्या पूर्वेला, जिथं डांबर संपतं आणि फुफाटा सुरू होतो तिथं. एस.टी.चा कंडक्टर आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र त्यांना देऊन जायचा. ते मामा शेवटच्या पानाकडून वाचायला घेत. आधी कुस्त्या, मग बाजारभाव, मग कुणाचं काय हरवलं ते, आणि असं करत करत, दबकत दबकत पहिल्या पानाशी. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो मामा, सरळ पहिलं पान काढा की!" तर म्हणाले, "पयल्या पानावर दिल्ली असती, जावईबापू. दिल्लीकडं एकदम बघू न्हाई." आणि पहिल्या पानाशी पोचले, की 'केंद्राकडून राज्यांना' एवढे शब्द दिसताच चष्मा काढून पुसायला घेत. तो पुसून होईपर्यंत मामी येऊन वर्तमानपत्र भाकरीच्या टोपलीखाली घालायला घेऊन जायची. मग मामांचा जीव भांड्यात पडायचा.

असा हा माणूस गावचा सरपंच होता, हे ऐकून हसू नका. तो सरपंच झाला तोच भीतीच्या जोरावर. गावात दोन तट, दोन्ही एकमेकांच्या उरावर बसायला टपलेले. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं: ज्याला सरकारी शाईची बाटली उघडताना घाम फुटतो, तो पैसे काय खाणार? झालं! मामांना न विचारताच मामा बिनविरोध. ग्रामपंचायतीला मिळालेली गॅसबत्ती त्यांनी आपल्या घरात गोधडीत गुंडाळून ठेवली होती. कीर्तनाला लोक मागायला आले, तर हे स्वतःच्या घरातले दोन कंदील देत, पण बत्ती नाही. "तिची जाळी फुटली अन् दिल्लीनं इचारलं, तर काय सांगू?" लोक म्हणत, "मामा, दिल्लीला आपलं गाव तरी ठाऊक हाय का?" त्यावर मामा म्हणत, "न्हाई ना? मग तसंच ऱ्हाऊ द्या!"

पण ते बहात्तरचं साल असं काही उगवलं, की गाव दिल्लीला ठाऊक करून देण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पाऊस गेला तो गेलाच. विहिरींचे तळ दिसले, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर तळांनाही भेगा पडल्या. घरोघरच्या कणग्या रिकाम्या झाल्या आणि परदेशातनं आलेली तांबडी ज्वारी रेशनवर मिळू लागली. तिची भाकरी थापताना फुटायची, खाताना घशात अडायची. गावाच्या वरच्या अंगाला सरकारनं पाझर तलावाचं काम काढलं होतं आणि अख्खं गाव तिथं मातीची घमेली वाहत होतं. काल ज्यांच्या दारात सालगडी होते, त्यांच्या लेकीसुना डोक्यावरचा पदर घट्ट आवळून तिथं रांगेत उभ्या. मामांचा एकुलता एक मुलगाही त्यात होता. त्याची बायको पोटुशी, दिवस भरत आलेले, म्हणून मुकादमानं तिला झाडाखाली पोरं सांभाळायचं हलकं काम दिलं होतं.

त्या तलावावर गाव तगून होतं. काम बंद पडलं की गाव उठणार, हे लहान पोरालाही कळत होतं. पलीकडची एक वाडी अशीच उठली होती. दारांना कुलपं आणि ओट्यावर तेवढ्या म्हाताऱ्या. मामांच्या मुलानं बापाला सरळ सांगून टाकलं होतं, की काम थांबलं तर त्याच दिवशी बायकोला घेऊन मी मुंबई गाठणार, मग कुठं फुटपाथवर राहावं लागलं तरी बेहत्तर. मामा ते ऐकून त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "जावईबापू, माझं नातवंड रस्त्याच्या कडंला जल्माला येनार का हो?" एरवी मी त्यांच्या भीतीची टर उडवली असती.  त्या दिवशी मलाही भीती वाटली, खरंच वाटली.

सरकारी पैशाचं गणित मामांनी मला फार वेळा समजावून सांगितलं आहे. मी पदवीधर असूनही ते त्यांच्याकडूनच मला कळलं असं मात्र समजू नका, कारण त्यात अर्थशास्त्र कमी आणि बुंदी जास्त होती. "हे बगा, दिल्ली म्हंजे वाढपी. हातात बुंदीचं घमेलं. पंगत केवढी, तर काश्मिरापासनं कन्याकुमारीपत्तूर. त्यात आपल्या राज्याचा पाट कुठंतरी मधी. त्यात बी पुन्हा मुंबई वर बसलीय, मग पुनं, मग नगर. नगरात बी ज्यांच्या रानातनं कालवा ग्येलाय ते वर. आमी शेवगावकडचे पार खाली, चपलांपाशी. वाढपी आमच्यापत्तूर येतो तवा घमेल्यात काय ऱ्हातं? चुरा!" मी चिडून म्हणालो, "मग ओरडा की, बुंदी इकडं आणा म्हणून!" मामांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "वरडलं तर समदी पंगत वळून बघती, हावरट म्हनती. अन् न वरडावं, तर वाढप्याला वाटतं ह्याचं पोट भरलंय. म्हून तर भ्या वाटतंय!"

आणि एके दिवशी मामलेदारांचा निरोप आला, की वाढपी स्वतः येतोय. कुठल्या राज्याला दुष्काळासाठी किती द्यायचं ते ठरवण्याआधी दिल्लीहून साहेबलोक पाहणीला निघाले होते आणि त्यांतले एक साहेब मामांच्या गावचा तलाव बघून पुढं शेवगावच्या बंगल्यावर जेवायला जाणार होते. साहेब मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं आणि त्यांचं हिंदी आमच्या गावच्या हिंदीइतकंच अगाध. तेव्हा दुभाषा म्हणून मी हवा होतो. कंडक्टरनं मला शाळेत येऊन सांगितलं, "तुमच्या मामांनी बलावलंय. लवकर जा, त्यांचं काय खरं दिसत न्हाई."

गेलो तर मामा देवळासमोरच्या कडुलिंबाखाली उभे राहून वर बघत होते. चैत्र सरलेला, लिंबाला कोवळी पालवी फुटून तो हिरवागार झालेला. "ह्यो लिंब आपल्याला बुडवनार," मामा म्हणाले. "राजस्थानात कसं, नुसती वाळू. दुष्काळ कसा शोभून दिसतो! हितं सायेब उतरला की पयला हा दिसनार." त्यांनी शेळ्या सोडून पाहिल्या होत्या, पण शेळ्यांचं तोंड पोचेल तेवढाच लिंब बोडका झाला होता आणि वरचा जास्तच उठून दिसत होता. त्याखेरीज गावाला हुकूम सुटले होते. साहेब असेपर्यंत कुणी हसायचं नाही. एका म्हाताऱ्याचा चेहराच जन्मजात हसरा होता, त्याला लेकीच्या गावी धाडून दिलं होतं. सडा नाही, रांगोळी नाही, तोरण नाही, फेटे नाहीत. पण रडायचंही नाही, कारण लई रडलं तर नाटकं करत्यात म्हणतील. दुःखी पण लाचार नव्हे, असा चेहरा करून बघायला मामा आरशासमोर बसले, तेव्हा मामी म्हणाली, "तुमी नेहमीसारखं बसा, तेवढं बास हाय."

जेवणावरून मात्र नवराबायकोत जुंपली. मामी म्हणत होती, भर दुपारच्या वक्ताला पाहुणा गावात येणार आणि तोंड न हलवता जाणार? आपल्यात तशी रीत नाही. मामा म्हणाले, "बरं, वाढ. पन तांबडी भाकर वाढ. त्यांनीच धाडलीय, बघू दे त्यांना कसली हाय." खरं सांगतो, त्या माणसाच्या आयुष्यातला हा पहिला धाडसी बेत होता आणि मला तो पटलाही. पण मामीनं पदर खोचला. "पाव्हन्याच्या ताटात तांबडी भाकर? माझ्या माह्यारच्यांना कळलं तर मला दारात उभं करतील का?" मामा म्हणाले, ठरलं म्हंजे ठरलं, आणि घाईघाईनं बाहेर पडले. मामी काही बोलली नाही. बाई गप्प बसली म्हणजे कबूल झाली, असं समजणारा पुरुष भित्रा असो की शूर, गाढवच.

साहेब आले. ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, पांढरा शर्ट फुफाट्यानं भगवा झालेला. जीपमधून उतरले, लिंबाकडं पाहून "ब्यूटिफुल" म्हणाले आणि मामा मटकन खाली बसायचे राहिले. तलावावर सगळे गेले. शेकडो माणसं उन्हात माती वाहत होती, बोलण्याचा आवाज नाही, नुसता टिकावांचा. साहेबांनी मामांना विचारायला सुरुवात केली. मी मराठीत सांगायचो आणि मामा, काय सांगू तुम्हाला, त्या माणसाची भीतीनं मतीच गुंग झाली! पाणी पुरतं का? मामांनी मान डोलावली. "व्हय सायेब." धान्य वेळेवर मिळतं का? "व्हय सायेब." लोकांच्या काही तक्रारी? तिथंही "व्हय" म्हणायला लागले, मग घाबरून "न्हाई, न्हाई सायेब." साहेब त्या डोलणाऱ्या मानेकडं बघूनच समजत होते, माझ्या इंग्रजीला वावच उरला नाही. मी दात-ओठ खात मामांच्या कानात म्हणालो, "अहो, पाणी कुठलं पुरतंय? चार कोसांवरनं आणता ना?" मामा पुटपुटले, "मला ठावं हाय हो. पन तोंडातनं त्येच निघतंय!" बांधाच्या टोकाला त्यांचा मुलगा घमेलं खाली ठेवून बापाकडं बघत उभा होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

पाहणी आटोपली. जीप वळली आणि रस्त्यात मामी आडवी उभी. हात जोडलेले, डोक्यावर पदर, आणि हलायला तयार नाही. "भाकरी थापल्यात. दोन घास खाऊन जा." मामलेदार म्हणाले, बाई, साहेबांचं जेवण तिकडं बंगल्यावर आहे. मामी म्हणाली, बंगल्यावरचं बंगल्यावर. साहेबांनी काय चाललंय ते मला विचारलं, मी सांगितलं, आणि ते हसून खाली उतरले.

ओसरीवर पाट मांडले होते. साहेब, मामलेदार आणि मी बसलो, मामा यजमान म्हणून लोटा घेऊन उभे. सूनबाई अवघडलेल्या अंगानं हळूहळू वाढत आली. पिठलं, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, आणि भाकरी. पांढरीशुभ्र, चंद्रासारखी गोल, पापुद्रा फुगलेली शाळूची भाकरी! मी मामांकडं पाहिलं. मामांचा रंग तिच्यासारखाच झाला होता. त्या घरात, त्या गावातच म्हणा, पांढरी ज्वारी उरली होती ती एकाच जागी. मडक्यात राख आणि लिंबाचा पाला घालून, तोंड लिंपून ठेवलेलं पुढच्या पेरणीचं बी. मामीनं मडकं फोडलं होतं. पिण्याच्या पाण्यातलं पाणी काढून त्या दाण्यांची राख धुतली होती आणि पहाटे मामा देवळाकडं गेलेले बघून जात्यावर बसली होती.

साहेबांना भाकरी फार आवडली. भाताचा माणूस, पण एक संपवून दुसरी घेतली. मग माझ्याकडं वळून अगदी मनापासून म्हणाले, की इथं इतकं उत्तम धान्य खायला मिळतंय हे बघून मला समाधान वाटलं. आम्हाला सांगण्यात आलं तेवढी इथली परिस्थिती वाईट नाही. माणूस वाईट नव्हता हो! तेच तर जास्त भीतिदायक होतं. ज्याच्या एका शब्दावर तलाव चालायचा की बंद पडायचा, तो पोटभर जेवून, खूश होऊन, आमचं वाटोळं करून निघाला होता. मामलेदारांनी मान खाली घातली. मी मामांना मराठीत सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं पाहुण्याला त्याच्या पुढ्यातल्या घासाची किंमत सांगणं याच्याइतकं हलकं काम दुसरं नाही. उपाशी राहा, पण 'तुझ्यासाठी काय काय केलं' हे पाहुण्याला कळू देऊ नका, हे पोरांना घुटीबरोबर पाजतात. मामा गप्प राहिले असते तर रीत राहिली असती आणि बायकोची अब्रूही. सूनबाई टोपली घेऊन उंबऱ्यात टेकून उभी होती, एक हात कमरेवर. मामांनी तिच्याकडं पाहिलं. हातातला लोटा त्यांनी खाली ठेवला. आणि ते बोलले.

"सायेब, ही भाकर आमच्या बियान्याची हाय."

आत बांगड्या वाजल्या आणि मामीचा आवाज आला, "अगं बाई! काय बोलता हे?"

पण मामा थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरूच झाले नसते, हे त्यांनाही ठाऊक असावं. "पेरायला ठिवलेली हुती ती तुमी आला म्हून दळली. आमी तांबडी खातो. तुमी इचारलं पानी पुरतं का, मी व्हय म्हनालो, ते बी खोटं हाय. मला भ्या वाटतं तुमचं, म्हून म्हनालो. ह्यो तलाव बंद झाला की माझा ल्योक ह्या पोरीला घिऊन जानार. गाव जानार समदं." मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो, एकही शब्द न गाळता.

साहेबांचा घास हातातच राहिला.  मग हळूच त्यांनी विचारलं, की मग हे तुम्ही मला का वाढलंत? मामा म्हणाले, "आमाला काय वाढायचं ते दिल्लीनं ठरवायचं. पन पाव्हन्याला काय वाढायचं ते ह्या घरात मी ठरवत न्हाई, ती ठरवती."

साहेबांनी पानातला कण अन् कण खाल्ला. नंतर म्हणाले, तुम्ही खाता ती भाकरी मला बघायची आहे, चाखायची आहे. मी ते आत जाऊन मामीला सांगितलं. "जीव ग्येला तरी देनार न्हाई," असं म्हणून तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. साहेब बंद दाराला नमस्कार करून जीपमध्ये बसले. पुढं काय झालं ते दिल्लीला ठाऊक. तिथं कुणी काय लिहिलं, कुणी काय कापलं, पंगतीत कुणाच्या पाटावर किती पडलं, आम्हाला कुणी सांगायला आलं नाही. पण आमचा तलाव बंद झाला नाही. पावसाळा लागेपर्यंत काम चाललं, सूनबाई घरातच बाळंत झाली, मुलगी झाली. पेरणीला सोनईच्या व्याह्यांनी, म्हणजे सूनबाईच्या वडिलांनी, शाळूचं बी धाडलं आणि त्या साली ते उगवलंही छान. मामांनी अर्थात ते मोठ्यानं कबूल केलं नाही.

मामीनं मात्र त्या दिवसापासून मामांशी बोलणं सोडलं. घरात भांडण नाही की आदळआपट नाही, पण "त्यांना सांगा, ताट वाढलंय" असं तिसऱ्याच्या तोंडून चालायचं. पुढं सैल झाली, बोलू लागली, पण त्या दुपारचं नाव दोघांनीही कधी काढलं नाही. मी गावी गेलो की मामा मला बाजूला घेऊन विचारायचे, "जावईबापू, तो सायेब पुढं कुठं जेवाया बसला असंल, तर त्याच्या घशाखाली घास उतरला असंल का हो?" मी म्हणायचो, उतरला असेल हो मामा, तो मोठा माणूस. ते मान हलवायचे. "न्हाई. भला मानूस हुता. मी पाव्हन्याचा घास कडू केला. तिनं मला माफ न्हाई केलं, ते बराबरच हाय." जन्मभर हजार गोष्टींना भ्यालेला माणूस, पण त्याला रुखरुख लागून राहिली ती एकदा न भिता बोलल्याची. मला फार वाईट वाटायचं. रागही यायचा, पण कुणावर काढावा ते कळायचं नाही.

मामा गेले तेव्हा मी दहाव्याला गेलो होतो. सगळं उरकल्यावर मामी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली. मामी माझ्याकडं न बघता तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बोलले ते चांगलंच केलं हुतं त्यांनी. ही घरात जल्मली त्याच्यामुळं. मला तवाच कळलं हुतं."

मी म्हणालो, "मग मामी, हे त्यांना एकदा तरी सांगायचं होतं ना!"

"भ्या वाटायचं हो," ती म्हणाली. "वाटायचं, चांगलं केलं म्हनलं तर धीर चेपंल त्यांचा, अन् येत्या-जात्या समद्या पाव्हन्यांना सांगत बसतील. आज म्हनू, उद्या म्हनू, करत ऱ्हायले. ऱ्हाऊनच ग्येलं."